उत्तरेचं जहाज, पश्चिमेचं जहाज

पश्चिमेच्या पारड्यात तीन मतं पडली तेव्हा चहा अजून गाळलाही नव्हता. एक दादाचं. दुसरं वहिनींचं, त्या नर्स, रविवार असूनही ड्यूटीवर, म्हणून सकाळीच फोनवर मत देऊन गेलेल्या. तिसरं चिमणीताईचं. उत्तरेच्या बाजूला एकटा मास्तर उरला. त्याची बायको, म्हणजे घरातली धाकटी सून, आईंच्या स्वयंपाकघरात हातात गाळणं धरून उभी होती आणि आपल्याला कुणी काही विचारू नये अशी मनोमन प्रार्थना करत होती.

आईंना पंच्याहत्तरावं लागायचं होतं. तिघा मुलांनी ठरवलं होतं की यंदा आईला जहाजातून युरोपच्या किनाऱ्याने फिरवून आणायचं. सागरी नकाशांच्या कचेरीत आईंनी एकतीस वर्षं काढली होती. तिरक्या टेबलावर वाकून, केसासारख्या टाकाने, कधी न पाहिलेल्या देशांचे किनारे त्या गिरवत. कुठल्या खाडीत कुठे किती पाणी, त्याचे बारीक आकडे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात भरत. स्वतः मात्र बंदरातल्या फेरीबोटीच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. समुद्र हिने कागदावरच काढला, आता खरा दाखवू, असं चिमणीताई म्हणाली होती आणि त्यावर तिन्ही भावंडांचं एकमत झालं होतं. या घरात तेवढंही पुष्कळ होतं.

मग प्रवासकंपनीकडून दोन माहितीपत्रकं आली आणि एकमत संपलं. एक जहाज जूनमध्ये उत्तरेला जाणारं: बर्गेन, गैरांगरची खाडी, लोफोटेनची बेटं, थेट नॉर्थ केपपर्यंत. दुसरं सप्टेंबरअखेरीला पश्चिमेचं: हॅम्बुर्ग, अॅमस्टरडॅम, ब्रुज, बिल्बाओ, लिस्बन. कंपनीतल्या बाईंचा फोन चार वाजता येणार होता. आज सांगितलं नाही तर राखून ठेवलेल्या खोल्या दुसऱ्यांना जाणार होत्या. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

बाहेर दादाचं भाषण चालू होतं. दादा दाताचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्याला उत्तर मात्र देता येत नाही, अशा अवस्थेत बोलायची त्याला तीस वर्षांची सवय. उत्तरेला आहे काय, तो विचारत होता. खडक आणि पाणी. दोन डोंगर पाहिले की तिसरा त्यांच्यासारखाच. आईला थंडी सोसत नाही, आणि काही झालंच तर तिकडे समुद्रात डॉक्टर कुठून आणायचा? पश्चिमेला रोज नवं शहर, हाकेच्या अंतरावर मोठी इस्पितळं, पाहायला कालवे, चर्चं, चित्रं.

चिमणीताईचं कारण सरळ होतं. तिला बोट लागते. पश्चिमेचं जहाज जवळजवळ रोज बंदराला टेकतं, म्हणून पश्चिम. चिमणीताई पावणेसहा फूट उंच होती. हे नाव बारशानंतर लगेच पडलं आणि पुढे तिने ते खोटं ठरवलं. कोर्टात ती लघुलेखक होती, साक्षीदार बोलेल ते शब्दन् शब्द उतरवून घेणारी. त्यामुळे घरच्या भांडणात कुणाला आपलं बोलणं फिरवता येत नसे.

मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा आणि घरीही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलायचा. आईने जे किनारे हाताने काढले, तेच तिला दाखवायचे नाहीत तर मग जायचंच कशाला, एवढाच त्याचा मुद्दा होता. पण दादा आणि तो कशावरही बोलू लागले की चार वाक्यांत गाडी जुन्या रुळावर येई. मागच्या हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या आईंच्या हातून दूध उतू गेलं, गॅस विझला आणि तसाच चालू राहिला. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. त्या आठवड्यात दादाने स्वतःच्या घरातली एक खोली रंगवून घेतली आणि आईने आता इकडे यावं असं जाहीर केलं. आईंनी नकार दिला, मास्तर आईंच्या बाजूने उभा राहिला, आणि ती खोली तेव्हापासून रिकामी होती. आताही दादा म्हणालाच, की आईच्या तब्येतीचा विचार करणारा या घरात एकच माणूस आहे.

धाकटीने चहा कपांत ओतला. ट्रे उचलायच्या आधी तिने दोन्ही हात ओट्यावर टेकवून जरा दम घेतला.

तिला जे ठाऊक होतं ते बाहेर बसलेल्या तिघा भावंडांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. आठ महिन्यांपूर्वी आई नव्या फ्रेमसाठी तिथे आल्या होत्या. आल्याच आहात तर नजरेचा घेर तपासू, असं म्हणून तिने त्यांना त्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. आई समोर बघत शांत बसून राहिल्या. ठिपके डावीकडे चमकले, उजवीकडे चमकले, खाली चमकले. बटण वाजलं नाही. धाकटीला वाटलं यंत्र बिघडलं. तिने पुन्हा तपासणी घेतली. कागद बाहेर आला तो सगळा काळा, मधोमध रुपयाएवढा पांढरा. काचबिंदू. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी जपायचं. किती दिवस, हे ते डॉक्टरही सांगू शकत नव्हते. दोन वर्षं म्हणाले, मग कमी किंवा जास्त असंही म्हणाले.

परतीच्या वाटेवर आईंनी तिचा दंड घट्ट धरला होता. हे तुझ्या-माझ्यात राहील, त्या म्हणाल्या. दादाला कळलं तर माझ्या घराला कुलूप लागेल. धाकटीने शब्द दिला. तेव्हापासून ती दर पंधरा दिवसांनी थेंबांची बाटली आणून देत होती आणि नवऱ्याला सांगत होती की आईंकडे सहज जाऊन आले.

बाकीच्यांना फक्त एवढंच दिसत होतं की आई अलीकडे भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतात, आणि कुणी बोललं की अख्खी मान वळवून त्याच्याकडे बघतात. आईला वयाचा रुबाब आला, असं चिमणीताई कौतुकाने सांगायची.

ट्रे घेऊन धाकटी बाहेर आली तेव्हा दादाने तोच प्रश्न आईंपुढे टाकला होता. सफर तुझी, तूच सांग.

आईंनी मान वळवून त्याला नजरेत घेतलं.

"पश्चिम," त्या म्हणाल्या.

मास्तरचा चेहरा पडला. दादा समाधानाने खुर्चीत मागे रेलला. धाकटीला मात्र ते खरं वाटलं नाही, कारण लोफोटेनचा किनारा आपण चार वेळा कसा काढला, दर वेळी त्यात नवा खडक कसा निघाला, हे आईंनी तिला दुकानातल्या बाकावर बसून अर्धा तास सांगितलं होतं. तिने ट्रे ठेवला आणि साखर कुठे ठेवलीत ते दाखवा जरा, असं म्हणून आईंना आत नेलं. साखर ट्रेमध्येच होती. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"पश्चिम का म्हणालात?" तिने दार लोटून विचारलं.

आईंनी ओट्याची कड बोटांनी चाचपली आणि तिथेच टेकून उभ्या राहिल्या. उत्तरेला जहाज खाडीत शिरलं की सगळे कठड्याशी उभे राहणार, त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. आई, तो धबधबा बघ. आई, ती बोट बघ. आणि मग सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. किती वेळा खोटं हो म्हणू? शहरात बरं असतं. शहरात माणसं दुकानांकडे बघतात, म्हातारीकडे कोण बघतंय.

"शहरात तुम्ही पडाल, आई."

धाकटीने मग घाईघाईने सगळं सांगितलं, जे ती दिवसभर मनात घोकत होती. तिकडे दगडी रस्ते, जागोजागी पायऱ्या, बाजूने सुसाट येणाऱ्या सायकली. तुम्हाला कळेपर्यंत सायकल अंगावर आलेली असेल. सप्टेंबरअखेर म्हणजे अंधार लवकर, आणि अंधुक उजेडात तुम्हाला आणखी कमी दिसतं. जूनमध्ये उत्तरेला सूर्य मावळतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमची नजर आता नळीतून बघितल्यासारखी आहे. समोरच्या भिंतीचा वीतभर तुकडा दिसतो, पण खाडीपलीकडचा डोंगर लांब असतो, तो त्या नळीत अख्खा मावतो. जितकं लांब तितकं जास्त. तुम्ही काढलेला किनारा तुम्हाला दिसेल, आई. पुढच्या वर्षी दिसेल की नाही, मला सांगता येणार नाही.

आईंचा हात ओट्यावरून सुटला आणि पुन्हा टेकला. क्षणभर धाकटीला वाटलं, जमलं.

"तू शब्द दिलायस," आई म्हणाल्या, आणि दाराकडे वळल्या.

बाहेर दादाने दिवसवार आखणीच मांडली होती. घरात त्याच्या आखणीला कुणी नाही म्हणत नसे, कारण ती नेहमी बरोबर असे. हेच तिच्यातलं वाईट होतं. अॅमस्टरडॅमला कालव्यांच्या काठाने चार तास पायी. ब्रुजला पायी. लिस्बनला चढणीच्या गल्ल्यांतून दिवे लागल्यावर फेरफटका, तो म्हणे सगळ्यात सुंदर. आईने रोज चाललं पाहिजे, गुडघे मोकळे राहतात. मी पुढे राहीन, तिने फक्त माझ्यामागे यायचं.

दिवे लागल्यावर. चढणीच्या गल्ल्या. तिने फक्त मागे यायचं. धाकटीला ती गल्ली दिसली, तिच्यातली ओली पायरी दिसली, आणि पुढे चालणारी दादाची पाठ दिसली.

"आईंना दिसत नाही," ती म्हणाली.

कुणालाच नीट कळलं नाही. मास्तरने विचारलं, काय दिसत नाही? मग तिला सगळं सांगावं लागलं: यंत्र, काळा कागद, मोठे डॉक्टर, थेंब. ती आईंकडे न बघता बोलली.

"तिचं काहीतरी चुकलंय," आई म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका शांत होता की धाकटीलाही क्षणभर स्वतःचीच शंका आली. मला सगळं दिसतं, आई म्हणाल्या. वयाने थोडं धूसर झालंय, ते कुणाला होत नाही? दुकानातली यंत्रं कधी नीट असतात का?

दादा चहा तसाच ठेवून उठला. त्याचा राग हळू चढत असे आणि चढला की शब्द निवडून येत. त्याने आधी हिशेबाने विचारलं, हे कधीचं? आठ महिन्यांपूर्वीचं असेल तर आठ महिने गप्प का? आणि आज, नेमकं पश्चिमेचं ठरल्यावर पाच मिनिटांत, कसं आठवलं? नवऱ्याचं मत हरलं म्हणून बायकोने सासूला आंधळं ठरवायचं, ही कुठली रीत?

"दादा, आंधळं असं ती म्हणाली नाही," चिमणीताई म्हणाली. "दिसत नाही म्हणाली. मग बाजूचं दिसत नाही म्हणाली." पण ती धाकटीच्या बाजूने बोलत नव्हती. तिला फक्त नोंद बरोबर हवी होती. पुढच्याच वाक्यात तिने सुचवलं की यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. ही डोळे तपासते ना? मग आत्ता इथेच तपासून दाखवावं. आईने समोर बघायचं, हिने बाजूला बोटं धरायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

दादाला ते पटलं. त्याने आईंची खुर्ची उजेडाकडे वळवायला हात घातला.

धाकटीने आईंकडे पाहिलं. आई ताठ बसल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं, आणि त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर होते, जणू तिथे कुणीतरी फर्मान वाचून दाखवत होतं. बोटं धरली असती तर अर्ध्या मिनिटात धाकटी खरी ठरली असती. तिला ते फार हवंहवंसं वाटलं, हे ती पुढे कधी नाकारणार नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "दुकानात पडदा ओढून तपासतात, दादा. चार माणसं भोवती उभी करून नाही."

"म्हणजे खोटं आहे."

"खोटं समजा हवं तर."

मास्तरने बायकोकडे पाहिलं. त्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"दर पंधरा दिवसांनी तू सहज जायचीस," तो म्हणाला. "ते थेंब द्यायला?"

तिने मान हलवली. तो उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याचा तिच्या शब्दावर विश्वास बसला होता, म्हणूनच तो तिच्याकडे बघू शकत नव्हता. असं भरल्या घरात धाकटीच्या बाजूला कुणीच उरलं नाही. जिच्यासाठी ती बोलली, तीही नाही.

चारला दोन मिनिटं असताना फोन वाजला. प्रवासकंपनीतल्या बाई वेळेच्या आधीच्या निघाल्या. दादाने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. बाई उत्साही होत्या. कुटुंबाचं ठरलं का? दादाने पश्चिम सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं, सहा प्रवाशांची नावं वाचून दाखवली, वयं पडताळली. मग त्यांनी छापील यादीतला पुढचा प्रश्न वाचला: प्रवाशांपैकी कोणाला चालण्याची, ऐकण्याची किंवा दिसण्याची काही अडचण? आधी कळवलं तर जहाजावर तशी सोय ठेवता येते.

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो थांबला. त्याने आईंकडे पाहिलं. त्याच्या मनात काय येऊन गेलं कुणास ठाऊक; गेल्या हिवाळ्यातली ती शेगडी असेल, की आणखी काही, जे त्याने पाहिलं होतं आणि दुसऱ्याच नावाखाली ठेवून दिलं होतं. सरळ नाही म्हणणं त्याला जमेना.

"तसं... नाही. तसं काही—"

"थांब," आई म्हणाल्या.

त्यांनी फोनच्या आवाजाकडे हात पुढे केला. हात आधी बिस्किटांच्या बशीत गेला, एक बिस्कीट खाली पडलं. मग कपाच्या कानाला लागला, तिथून टेबलाच्या कडेवर, आणि मग फोनवर. कुणी हललं नाही. चिमणीताईने तोंडावर हात ठेवला.

"बाई, मी त्यांची आई बोलतेय," त्या म्हणाल्या. "मला मदत लागेल. मला समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. आणि आमचं जहाज बदला. उत्तरेचं करा."

बाई गोंधळल्या, मग सावरल्या आणि उत्तरेच्या खोल्या आहेत का ते बघू लागल्या. तेवढ्या वेळात दादा आईंच्या खुर्चीपाशी खाली वाकला. त्याचा आवाज डॉक्टरचा राहिला नव्हता.

"आई, अगं मग तू इथे एकटी कशी—"

"त्यावर आल्यावर भांडू," आई म्हणाल्या. "महिनाभर भांडू. आत्ता नॉर्थ केपचं चाललंय."

खोल्या होत्या. बाईंनी विचारलं, आजींना नेमकी कोणती मदत लागेल, ते जरा सविस्तर सांगाल का? आईंनी फोन उचलला आणि धाकटी जिथे असेल असं वाटलं तिथे धरला. दिशा थोडी चुकली होती. धाकटी दोन पावलं सरकून त्या दिशेला आली.

"माझ्या धाकट्या सुनेला विचारा," आई म्हणाल्या. "तिला सगळं माहीत आहे."

धाकटीने फोन घेतला. मग ती एकेक सांगत गेली. खोली लिफ्टजवळची हवी. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी असेल तर उत्तम. खोलीतला दिवा रात्री पूर्ण मालवू नये. जेवणाचं टेबल भिंतीकडेचं, येण्याजाण्याच्या वाटेतलं नको. खाडीत शिरताना वरच्या मजल्यावर पुढची जागा, समोर खांब नसलेली. ती बोलत होती आणि दादा पश्चिमेच्या माहितीपत्रकाच्या पाठीमागे सगळं उतरवून घेत होता. खांब नको हे त्याने दोनदा लिहिलं. चिमणीताई खाली बसून बिस्किटाचे तुकडे गोळा करत होती आणि नाक ओढत होती. बोट लागणारी ती, दोन आठवडे उत्तरेच्या समुद्रात जाणार होती आणि त्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही.

मास्तर खिडकीपाशीच होता. त्याने तोंड इकडे वळवलं होतं, पण बायकोकडे नाही. तो आईंकडे बघत होता. त्याच्याशी घरी जाऊन बोलावं लागणार होतं, आणि ते एका संध्याकाळचं काम नव्हतं, हे धाकटीला कळत होतं.

"शेवटचं," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "आजींना खोलीत एकट्या ठेवता येणार नाही. सोबत कुणाचं नाव लिहू?"

धाकटीने आईंकडे पाहिलं. दादाने मान वर केली, आपली बायको नर्स आहे, तिचं लिहावं असं त्याच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. चिमणीताईने आईंचा गुडघा धरला.

"हिचंच लिहा," आई फोनच्या रोखाने मोठ्यांदा म्हणाल्या. मग मान पूर्ण वळवून त्यांनी सुनेचा चेहरा शोधला, सापडल्यावर तो नजरेत नीट धरून ठेवला. "शब्द मोडलास तू. तो राग मला चांगला चार महिने पुरेल. जूनला बोलू."